शंभर काड्यांसमोर दहा

“हे चर्च नाही, मिस. इथे संपलं की संपलं.”

असं म्हणून तो हसला. त्याच्या शेजारचा हसला. माझ्याबरोबर आलेला दुसरा उमेदवारही हसला, जरा उशिरा, साहेबाच्या तोंडाकडे बघून. काचेच्या टेबलावर माझ्यासमोर आगपेटीच्या दहा काड्या होत्या. त्या उमेदवारासमोर शंभर. मी चोवीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाले होते. आणि त्या क्षणी मला काड्यांकडे सोडून कुठेच बघता येत नव्हतं.

पोरांनो, ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुमच्या आईलाही अर्धीच माहीत आहे. आता सांगते, त्याला कारण तुमच्यातली थोरली आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला. तिला तुमच्या तिकडच्या एका मोठ्या गुंतवणूक कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय. म्हणाली, “ग्रॅनी, हे लोक कामाचं काही विचारतच नाहीत गं. नाणी, फासे, पैजा! एक ऐक हं. दोघं खेळतायत. नाणं एकदम खरं. एकाकडे दहा, दुसऱ्याकडे शंभर. दर फेकीला एक द्यायचा नाहीतर एक घ्यायचा. एकाचे संपेपर्यंत. तर ज्याच्याकडे दहा आहेत तो जिंकण्याची...”

“अकरात एक,” मी म्हणाले.

तिकडून ती ओरडली,

“चीटिंग! तुला आधीच माहीत होतं ना?”

“हो.”

“कुठून?”

लिहून पाठवते म्हणाले आणि फोन ठेवला. मग घासलेली भांडी पुन्हा घासली. गॅलरीत गेले, आत आले. वर्तमानपत्राची घडी केली, ती मोडून परत केली. इतकी वर्षं गेली, पण तो प्रश्न कानावर पडला की मला अजून बसवत नाही.

मराठीत लिहितेय, आईकडून वाचून घ्या. माझं इंग्रजी चांगलं आहे, शाळेतल्या नन्सनी घासूनपुसून दिलेलं आहे. पण हे सगळं इंग्रजीत घडलं. इंग्रजीत सांगायला लागले की मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसते, गुडघे जुळवून, पर्स मांडीवर धरून. मराठीत मी उभी असते.

क्रमानं सांगते.

आमचं घर अंधेरी पूर्वेला, गावठाणात. कौलारू. समोर दगडी क्रूस, त्याला झेंडूची माळ. आमची भातशेती होती ती माझ्या जन्माच्या सुमारास गेली आणि तिथे कारखाने आले. त्यातल्याच एका कारखान्यात पप्पा फिटर होते. ते म्हणायचे, “आपल्याच शेतात जातो रोज, पण आता गेटवर कार्ड दाखवावं लागतं.” आम्ही हसायचो. ते हसत नसत.

आमच्या गल्लीतली प्रत्येक मुलगी शाळा संपली की टायपिंगच्या क्लासला जायची. फोर्टातल्या साहेब लोकांना आमच्या मुली हव्या असत. फ्रॉक घालणारी, नीट इंग्रजी बोलणारी, वेळेवर येणारी, आणि वर न चढणारी. त्यात वाईट काही नव्हतं, त्या पगारांवर आमची अर्धी गल्ली जेवली आहे. पण आमच्याकडे बघितलं की लोकांना आधी टाइपरायटर दिसायचा आणि मग, वेळ मिळाला तर, माणूस.

मी क्लासला गेले नाही. मुद्दाम. टायपिंग आलं असतं तर तेच करावं लागलं असतं.

मम्मी चिडायची. “एवरी शिकून काय विमान उडवशील? टाइपिंग शिक गो, पोट भरेल.”

“पोट भरेल गं. पण मला गणित करायचंय.”

“गणित!” ती चुलीकडे वळून म्हणायची. “गणित खाऊन दाखव मना.”

आता मढचं. मम्मीची मोठी बहीण मढला, वर्सोव्याच्या खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या गावात, दिली होती. नवऱ्याची होडी होती. तो गेल्यावर होडी दिराकडे गेली आणि मावशी शनिवार-रविवार कुठल्याशा बंगल्यात स्वयंपाकाला जायला लागली. लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे असायचो. दुपारी ओट्यावर चिंचोक्यांचा खेळ. फोडलेला चिंचोका उडवायचा. पांढरी बाजू वर आली तर तुझा एक मला, काळी आली तर माझा एक तुला. बस, एवढाच खेळ. पण एक नियम होता, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. ज्याचे संपले त्यानं हात पुढे करायचा. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त असतील त्यानं मूठ भरून द्यायची. मोजायचं नाही. संध्याकाळची चर्चची घंटा होईपर्यंत कुणी रिकाम्या हातानं उठायचं नाही.

कुणी कंजूषपणा केला, बोटं आवळून चार-पाचच दिले, तर मावशी आतून ओरडायची, “ही काय मूठ हाय का मांजराचा पंजा? उघर हात!”

आम्हाला हा नियम नियम वाटतच नव्हता. खेळ म्हणजे असाच, असं वाटायचं. पाणी म्हणजे ओलं, तसं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जी चूक केली ती इथून आली.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. शेअरबाजार चढत होता. ज्याला त्याला शेअर घ्यायचे होते आणि रोज नवी कंपनी निघत होती. तशा एका गुंतवणूक कंपनीची जाहिरात मी पेपरात पाहिली. विश्लेषक हवेत, अधिकारी दर्जा, गणित किंवा संख्याशास्त्राचे पदवीधर. मी अर्ज केला. लेखी परीक्षा दिली, पास झाले. फोर्टात पहिली मुलाखत झाली, तीही पार पडली. शेवटी दोघं उरलो. एक मी आणि एक मुलगा. त्याचं नाव सांगत नाही, त्याला निळा टाय म्हणू. जागा एक.

शेवटची मुलाखत मढला, मालकसाहेबांच्या बंगल्यावर, शनिवारी दुपारी. साहेब अमेरिकेत शिकून आले होते. तिकडे म्हणे अशा मोकळ्या वातावरणात मुलाखती घेतात.

मढ ऐकून मला आनंद झाला होता. मढ म्हणजे आमचंच. किती वेडी.

वर्सोव्याला फेरीबोटीच्या धक्क्यावर निळा टाय भेटला. काठावर बोंबील वाळत घातले होते आणि त्यानं नाकाला रुमाल लावला होता. वाईट मुलगा नव्हता. बोटीत चढताना मला हात दिला, मला गरज नव्हती तरी. म्हणाला, “घाबरू नकोस. तो मालक फक्त पैजांची कोडी घालतो. डॅडच्या क्लबमध्ये पण तेच चालू असतं त्याचं. मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आला तेव्हा मला तीन घातली.”

“तुमच्याकडे जेवायला?”

“हो. का?”

“काही नाही,” मी म्हणाले.

बंगला मोठा होता. सिनेमाच्या शूटिंगला भाड्यानं देत असत. आवारात पुठ्ठ्याचा एक खांब पडला होता, वरून संगमरवरासारखा रंगवलेला. गेटवरच्या वॉचमननं निळ्या टायला सलाम केला आणि मला हातानं बाजूची वाट दाखवली.

“बाई लोग पीछे से.”

“मैं इंटरव्ह्यू के लिए आयी हूँ,” मी म्हणाले. तो माझ्याकडे बघतच राहिला. माझा फ्रॉक, माझा काळसर रंग, गळ्यातला क्रूस. गावातल्या बायका रोज मागच्या दारानं आत जात होत्या, आणि मी त्यांच्यासारखीच दिसत होते. निळा टाय वळून म्हणाला, “शी इज विथ मी.” वॉचमन लगेच बाजूला झाला.

माझ्या बोलण्यानं गेट उघडलं नाही, त्याच्या बोलण्यानं उघडलं. त्यानं ते चांगुलपणानंच केलं होतं. तो चांगुलपणा पायात खड्यासारखा घेऊन मी आत गेले.

हॉलमध्ये साहेब आणि त्यांचे भागीदार. भागीदार चष्मेवाले, हातात पेन्सिल. काचेचं टेबल. त्यावर आगपेटीच्या काड्यांचे दोन ढीग, एकमेकांसमोर. साहेब म्हणाले, “या, बसा. पंचावन्न-पंचावन्न काड्या आहेत. आज आपण जरा खेळणार आहोत.” मला ‘मिस’ म्हणाले. खुर्ची दाखवली. मला बरं वाटलं. दोन ढीग सारखे, दोन खुर्च्या सारख्या. गेटचं मी विसरायला लागले होते.

तेवढ्यात लिंबूसरबताचा ट्रे आला. ट्रे घेऊन मावशी आली.

मावशी कुठल्या बंगल्यात जाते हे मी कधी विचारलं नव्हतं. मढला बंगले काय कमी होते? तिनं मला पाहिलं. क्षणभरच. मग डोळ्यांनी स्पष्ट सांगितलं: नको. माझ्यासमोर ग्लास ठेवला, जसा बाकीच्यांसमोर ठेवला तसाच, खाली बघून, आणि वळली. ती माझी ओळख लपवत होती. माझ्यासाठी. तिच्या नात्याची असणं हे माझ्या नोकरीला वाईट आहे, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

“मावशी,” मी म्हणाले. जोरानं. “थांब ना. कशी आहेस?”

ती थांबली. “बरी हाय,” म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली. हात ओले नव्हते.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. “तुम्ही ओळखता तिला?”

“माझ्या आईची मोठी बहीण आहे.”

“अरे वा!” इतका वेळ फक्त इंग्रजीत बोलणाऱ्या माणसानं पहिल्यांदा मराठी काढली. “म्हणजे तू घरचीच की!”

पोरांनो, इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच. म्हणून त्याला मराठीत यावं लागलं. त्या एका वाक्यात मी ‘मिस’वरून ‘तू’वर आले, आणि ‘घरची’ या शब्दाचा अर्थ स्वयंपाकघर असाही होतो हे मला कळलं. नंतर पुन्हा इंग्रजी सुरू झालं, पण सूर तोच राहिला.

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. जरा विचार केला. मग हात पुढे करून माझ्या ढिगातल्या काड्या उचलल्या आणि निळ्या टायच्या ढिगात टाकल्या. मोजून. पंचेचाळीस. माझ्यासमोर दहा राहिल्या.

“आता खऱ्या आयुष्यासारखं झालं,” ते म्हणाले.

मग प्रश्न. खिशातून रुपयाचं नाणं काढलं. नाणं खरं आहे. छापा पडला तर तुझी एक काडी त्याला. काटा पडला तर त्याची एक तुला. एकाच्या संपेपर्यंत. तू सगळ्या जिंकण्याची शक्यता किती?

मी प्रश्न नीट ऐकला. मला शाळेपासून सवय आहे, उत्तराआधी नियम पुरते समजून घ्यायचे. आणि एक नियम त्यांनी सांगितला नव्हता. मी अगदी गंभीरपणे विचारलं, “माझ्या संपल्या की मला मूठ किती काड्यांची मिळेल?”

“काय?”

“मूठ. संपल्यावर जास्तवाला जी देतो ती. ठरावीक की हातात येतील तेवढ्या? त्यावर उत्तर बदलतं.”

मी समजावून सांगितलं. पूर्ण. ओटा, चिंचोके, घंटा, सगळं. इंग्रजीत. बोलता बोलता त्यांचे चेहरे बदलत गेले आणि मला ते दिसत होते, तरी मी थांबले नाही, कारण मला वाटलं मी नीट सांगितलं नाही म्हणून त्यांना कळत नाहीये.

तेव्हा साहेब हसला. तेव्हा म्हणाला, हे चर्च नाही, मिस, इथे संपलं की संपलं.

चष्मेवाला भागीदार डोळे पुसत म्हणाला, “चर्चमधली हाऊझी, केक आणि दानपेटी. लव्हली पीपल. खरंच लव्हली पीपल.”

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं. हसणं कळत होतं.

मी काड्यांकडे बघत राहिले. कान तापले होते. डोकं मात्र चालायला लागलं, कदाचित दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. नाणं खरं असेल तर ते कुणाला काही जास्त देत नाही, कुणाचं काही काढत नाही. सरासरी माझ्याकडे दहाच राहतात. म्हणजे असे अकरा खेळ खेळले तर अकरा दाहे एकशेदहा काड्या मला एकूण मिळायला हव्यात. त्या मिळतात कशा? एका खेळात सगळ्या एकशेदहा. बाकी दहा खेळांत शून्य.

“अकरात एक,” मी म्हणाले.

“गुड!” साहेब म्हणाले. निळ्या टायनं मान डोलावली. त्याला हे आधीच माहीत होतं. “आता खेळा. मला उत्तर नको, माणूस बघायचाय. एकेक लावलीस तर इथेच म्हातारी होशील. हव्या तितक्या लाव. पाच लाव, दहा लाव. बघू दे हिंमत.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्या दुपारी पहिल्यांदा सरळ तोंडाकडे.

“हिंमतीनं फरक पडत नाही, सर.”

“म्हणजे?”

“एकेक लावली काय, एकदम दहा लावल्या काय. घाबरत खेळले काय, बेधडक खेळले काय. सगळ्याला अकरात एकच.”

चष्मेवाल्यानं कागदावर पेन्सिल चालवली. बराच वेळ. मग म्हणाला, “ती बरोबर सांगतेय.”

हे बोलताना माझ्या आत काहीतरी लख्ख झालं. तोपर्यंत मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. नन्सनी, शिक्षकांनी, पेपरातल्या लेखांनी. हिंमत धर, पुढे ये, मेहनत कर, जग मोकळं आहे. आणि मी हिंमत धरली होती, मेहनत केली होती. आणि इथे, दहा काड्यांपुढे, मीच माझ्या तोंडानं सिद्ध केलं होतं की ढीग असे लावल्यावर हिंमत हा हिशेबातला आकडाच नाही. हिंमत त्यांना फक्त बघायला आवडते.

साहेबांना ते उत्तर आवडलं नाही. “मग तक्रार काय आहे? नाणं खरं आहे. घे, तूच तपास.”

मी नाणं घेतलं. उलटसुलट पाहिलं. खरं होतं.

“नाण्याबद्दल तक्रार नाही. ढीग कुणी लावले?”

“मी लावले. कुणीतरी लावायलाच हवेत.”

“मी आत आले तेव्हा पंचावन्न-पंचावन्न होत्या.”

आत कढईत मासा सोडल्याचा आवाज झाला.

मी उठले. दोन्ही हातांनी शंभरचा ढीग माझ्याकडे ओढला. काही काड्या खाली पडल्या, त्या उचलल्या. माझ्या दहा काड्या निळ्या टायसमोर ठेवल्या, ओळीत. “आता खेळू या,” मी म्हणाले. “नाणं तर खरंच आहे.”

निळा टाय साहेबांकडे बघायला लागला. त्याचे हात मांडीवर होते. ते वर आले नाहीत.

“प्रश्न तो नव्हता,” साहेब म्हणाले.

“माझा प्रश्न हाच आहे, सर.”

मग साहेब हसले, या वेळी वेगळं. खुर्चीत मागे रेलले. समजूतदार झाले. म्हणाले, तू हुशार आहेस, प्रश्नच नाही. पण विश्लेषकाला क्लायंटसमोर बसावं लागतं, क्लबात जावं लागतं, तिथले लोक कसे असतात तुला माहीत नाही. माझ्या ऑफिसात सेक्रेटरीची जागा आहे. तुझं इंग्रजी सुरेख आहे. तुमच्या मुली त्यात उत्तम असतात. आणि पगाराचा आकडा सांगितला. पप्पांना तेवढा मिळत नव्हता.

“मला टायपिंग येत नाही.”

“शिकशील. महिन्यात.”

“शिकेन. पण शिकणार नाही.”

तो मावशीकडे वळला, ती माशांची बशी घेऊन आली होती. “बाई, समजाव तुझ्या भाचीला. चांगली नोकरी देतोय.”

मावशीनं बशी ठेवली. “ती शिकलेली हाय, साहेब,” म्हणाली. “माझा काय आयकते?”

मी पर्स उचलली. पुढच्या दारानं बाहेर पडले. वॉचमननं सलाम केला नाही. मला नको होता.

धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी होते तर मागून मावशी धावत आली. साहेबाला मीठ संपल्याचं सांगून निघाली होती. मला वाटलं जवळ घेईल. तिनं दंडाला धरून हलवलं.

“येरी का खुली गो तू? पगार आयकलास ना? बापसाच्या डबल! आन् तू त्याचे काड्या घेऊन खेलत बसलीस?”

“मावशी, त्यानं माझ्या काढून घेतल्या. तू पाहिलंस ना?”

“पायलं. आज पयल्यांदा पायलं काय? मना ओलख नको देऊ, डोल्यांनी सांगितला होता तुना. कशाला हाक मारलीस?”

“तू माझी मावशी आहेस म्हणून.”

ती समुद्राकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, “कशाला हसली ती मानसा? काय बोललीस तू?”

मी सांगितलं. मुठीचं विचारलं म्हणून.

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. “त्याच्याकरं? मूठ? त्याच्याकरं मागितलीस?” आणि ती हसायला लागली. धक्क्यावर, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बंगल्यातलं हसणं अंगावर आलं होतं. हे हसणं अंगावर आलं नाही. पण मी हसू शकले नाही.

बोट लागली. मावशी मिठाशिवायच परत गेली.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा त्याच स्वयंपाकघरात होती. तिला जावंच लागलं. त्यानं तिला काढलं नाही, तिच्यासारखा मासा कुणी करत नव्हतं. मी मान ताठ करून बोटीत बसले, आणि ती मान खाली घालून भांडी घासत राहिली, वर्षानुवर्षं. माझ्या ताठ मानेची गोष्ट सांगताना मी हे गाळणार नाही. गाळलं तर ती खोटी होईल.

घरी मम्मी माझ्याशी कित्येक दिवस बोलली नाही. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. “पंचावन्न होत्या ना आधी?” एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. ते बाहेर जाऊन क्रूसापाशी बसले. त्यांच्या मनात काड्या नव्हत्या, भातशेती होती, हे मला खूप नंतर समजलं.

निळ्या टायला नोकरी लागली. पुढे फार मोठा झाला म्हणतात. होणारच. अकरात दहा.

मी बरेच महिने घरी बसले, शिकवण्या केल्या. मग विमा कंपनीच्या परीक्षेला बसले. तिथे पेपरावर फक्त क्रमांक असायचा. नाव नाही, गाव नाही, फ्रॉक नाही, मावशी नाही. मी लागले. माणसं किती वर्षं जगतात याचे आकडे मांडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ते काम मला आवडलं. शेवटी शेवटी मीही टेबलाच्या पलीकडे बसले, मुलाखती घ्यायला. मुलं-मुली समोर यायची, गुडघे जुळवून. मी अवघड प्रश्न विचारायचे, कुणाला सोडलं नाही. पण आधी सांगायचे, नियम समजला नसेल तर विचारा, कितीही वेडा वाटला तरी विचारा. आणि कुणी विचारलं की टेबलापाशी कुणाला हसू दिलं नाही. एकदा एक सहकारी हसला. मी मुलाखत थांबवली आणि त्याला बाहेर पाठवलं. वरून बोलणी बसली. बसू देत.

थोरले, आता तुझ्यासाठी. मुलाखत देऊ नकोस असं मी म्हणत नाही. मला कोडी आवडतात, तुझ्याहून जास्त आवडतात. कोड्याचा काही दोष नाही. ते उत्तर अकरात एकच आहे आणि ते आधी दे, स्पष्ट, आवाज न कापता, म्हणजे तुला येत नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. मग ढीग बघ. ते कुणी लावले, तू आत येण्याआधी लावले की तुझं नाव ऐकून हलवले, हे बघ. हलवलेले दिसले तर विचार. मोठ्यानं. नोकरी गेली तर जाऊ दे. ते तुला सांगतील की नाणं खरं आहे. खरंच असेल. नाणं नेहमी खरंच असतं, म्हणून तर ते तपासायला देतात.

आणि कधी काळी ढीग लावायचं काम तुझ्या हातात आलं, तर माझ्या नातीनं ते कसे लावले हे मी विचारीन. मी तेव्हा नसले तरी विचारीन.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तो बंगला आहे, अजून शूटिंगला देतात. कंपनी उरली नाही. आमच्या गल्लीतली अर्धी घरं पाडून इमारती झाल्या. क्रूस आहे. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात मावशीच्या ओट्यावरचे चिंचोके आहेत, काळे-पांढरे, झिजून गुळगुळीत झालेले. रविवारी दुपारी इमारतीतली चार-पाच पोरं येतात, कुणाकुणाची, आमच्यातली आणि नसलेलीही. ज्याचे संपतात तो हात पुढे करतो. ज्याच्याकडे जास्त तो मूठ देतो. घंटा होईपर्यंत कुणी रिकाम्या हातानं उठत नाही.